मिरवणुकीला नको म्हणणारी चिऊ : कोलोन ते लक्ष्मी रस्ता, एक प्रकरण अभ्यास

चार वर्षांची मुलगी, तिचे पुण्याहून जर्मनीतल्या कोलोनला गेलेले आईबाबा, कोथरूडमधले आजी-आजोबा आणि फेब्रुवारी २०२४चा कार्निव्हल, एवढा या प्रकरणाचा पसारा. मी पुण्यात लहान मुलांच्या पालकांबरोबर समुपदेशनाचं काम करते. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे चिऊ म्हणू.

पार्श्वभूमी

चिऊचा जन्म २०२०च्या सुरुवातीचा. तिची पहिली दोन वर्षं घरातच गेली. लग्नाची पंगत, तुळशीबागेतली रेटारेटी, सोसायटीतला गणपती यातलं काहीच तिने पाहिलं नव्हतं. २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं पुण्यात विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही. ९ सप्टेंबर २०२२ला ती पुन्हा निघाली, तेव्हा चिऊ अडीच वर्षांची होती.

तिचे बाबा कॉलेजात असल्यापासून ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत आलेले. सराव सुरू झाला की पुढचा महिना-दीड महिना त्यांची प्रत्येक संध्याकाळ नदीपात्रात जायची. लेकीला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवायची, हे त्यांनी ती जन्मली तेव्हापासून मनात धरलेलं होतं. त्या वर्षी ते तिला लक्ष्मी रस्त्यावर घेऊन गेले. पथक जवळ आलं आणि चिऊ किंचाळायला लागली. मागे गर्दी, पुढे पथक, बाजूला बांबूंचं कुंपण. तिथून बाहेर पडेपर्यंत तिचा आवाज बसला होता. पुढचे काही दिवस कोणी टाळी वाजवली तरी ती कान झाकायची. घरात सगळे म्हणाले, "लहान आहे, होईल सवय," आणि विषय तिथेच राहिला.

ऑगस्ट २०२३मध्ये बाबांच्या नोकरीसाठी कुटुंब कोलोनला गेलं. चिऊ तिथल्या बालवाडीत, म्हणजे किटामध्ये, जाऊ लागली. जर्मन येत नव्हतं, पण ती रुळत होती. मग ११ नोव्हेंबर उजाडला. कोलोनमध्ये कार्निव्हलचा हंगाम दर वर्षी याच तारखेला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो आणि त्या दिवशी सगळं शहर सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतं. आईला हे माहीतच नव्हतं. शनिवार होता, ती चिऊला घेऊन ट्रामने बाजाराला निघाली. पुढच्या थांब्यावर वाघ, समुद्री चाचे, रंगवलेल्या चेहऱ्याचे विदूषक असे पन्नासएक जण गात, उड्या मारत डब्यात शिरले. एका भल्यामोठ्या अस्वलाने वाकून चिऊला चॉकलेट दिलं. त्याच्या मनात प्रेमच होतं. चिऊने आईच्या कोटात तोंड खुपसलं आणि घर येईपर्यंत बाहेर काढलं नाही.

त्यानंतर "मी तिकडे येणार नाही" हे वाक्य रोजचं झालं.

अडचण कोणाची

प्रकरण माझ्याकडे आणलं आजीने. "मॅडम, नात तिकडे बिथरली आहे. सूनबाई फोनवर रडते. मुलगा म्हणतो, एकदा नेली की भीती मोडेल. तुम्ही काहीतरी सांगा त्यांना," असं त्या म्हणाल्या. पुढचं बोलणं आईबाबांशी व्हिडिओ कॉलवर झालं. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. त्यामुळे चिऊ किटामध्ये असताना आमचं बोलणं होई, आणि तिच्यादेखत तिच्या भीतीची चर्चा करायची वेळ आली नाही. हा एक मोठाच फायदा झाला.

तिघांशी बोलल्यावर लक्षात आलं की तिघांच्या मनातली अडचण वेगवेगळी आहे. आईला नव्या शहरात एकटं पडायची भीती होती. किटामधल्या पालकांचा व्हॉट्सअॅप गट जानेवारीपासून कार्निव्हलखेरीज दुसरं काही बोलत नव्हता. कोणाचं सोंग काय, कोण कुठे उभं राहणार, कोणाच्या घरी सूप. "आपण गेलो नाही तर आपण बाहेरचेच राहू," ती म्हणाली. बाबांचं दुःख जुनं होतं. आपल्याला जे जिवापाड आवडतं त्याचीच लेकीला दहशत बसावी, हे त्यांना सलत होतं. कोलोनचा कार्निव्हल त्यांना दुसरी संधी वाटत होता. आणि आजी-आजोबांना वाटत होतं की परदेशात जाऊन नात भित्री झाली.

या तिघांत चिऊची स्वतःची अडचण काय, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. हा पहिला निर्णयाचा टप्पा. जायचं की नाही हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवायचा आणि चिऊ कशाकशाला नको म्हणते, त्याची नुसती नोंद ठेवायची, असं आम्ही ठरवलं. बाबांना हे पटायला वेळ लागला. कार्निव्हल तोंडावर आला होता आणि ऑफिसातल्या सहकाऱ्याने सोमवारच्या मुख्य मिरवणुकीची बैठकीची तिकिटं देऊ केली होती.

नकाराची फोड

आठवड्याच्या नोंदींतून तीन धागे सुटे झाले.

पहिला आवाज. घरातला मिक्सर चिऊला चालायचा, पण बटण तिने स्वतः दाबलं तरच. आईने न सांगता लावला की रडू. कुकरची शिट्टी चालायची, कारण ती येणार हे आधी कळतं. म्हणजे अचानक येणारा आणि आपल्या हातात नसलेला आवाज तिला सोसत नव्हता. तरीही कानांची तपासणी आवश्यक होती. जर्मनीत मुलांच्या ठरावीक तपासण्यांपैकी यू-८ नावाची तपासणी ४६ ते ४८ महिन्यांच्या वयात होते आणि तिच्यात श्रवणचाचणी असते. चिऊचं वय तेवढंच होतं. चाचणी व्यवस्थित निघाली. बोलणं, खेळणं, इतर मुलांत मिसळणं यांतही काळजीचं काही नव्हतं.

दुसरा धागा चेहऱ्यांचा. आई सांगत होती, "अगं, तो माणूसच आहे, अस्वल नाही," आणि चिऊला ते पटत नव्हतं. या वयात ते पटणं खरोखर अवघड असतं. रेटा डीव्ह्रीज या अभ्यासक बाईंनी १९६९मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचं शांत मांजर दाखवलं, मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडची बाजू सगळा वेळ मुलांसमोर होती. तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांना वाटलं की हा आता कुत्राच झाला आणि चावेल. सहाच्या आसपासच्या मुलांना मांजर ते मांजरच हे कळत होतं. चार वर्षांची चिऊ मधल्या उंबऱ्यावर होती. तिला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मुखवटा चढताना आणि उतरताना तिने स्वतः पाहणं जास्त उपयोगाचं होतं.

तिसरा धागा आम्हाला सगळ्यांनाच अनपेक्षित होता. चिऊला अनोळखी माणसाने दिलेलं काही घ्यायचं नव्हतं. कोलोनच्या मिरवणुकीत रथांवरून आणि चालणाऱ्या पथकांतून गोळ्या-चॉकलेटं उधळतात. तिकडे त्यांना कामेले म्हणतात आणि एकट्या सोमवारच्या मिरवणुकीत सुमारे ३०० टन गोडधोड वाटलं जातं असं सांगतात. मुलं छत्र्या उलट्या धरून ते झेलतात. किटामधल्या मैत्रिणीने हे वर्णन करून सांगितलं तेव्हा चिऊने आईला विचारलं होतं, "मग ते माझ्या तोंडावर लागलं तर?" आईने हसून सोडून दिलं होतं. प्रश्न अगदी रास्त होता. चॉकलेटचा डबा डोळ्याला लागू शकतो, आणि तिथले जाणते पालक मुलांना टोपी घालूनच उभं करतात.

समोरचे पर्याय

कोलोनचा रस्त्यावरचा कार्निव्हल सहा दिवस चालतो. २०२४मध्ये ८ फेब्रुवारीच्या गुरुवारी सुरुवात होती. तो बायकांचा दिवस. ऑफिसात बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात आणि किटामध्ये मुलांचा सोंगांचा कार्यक्रम असतो. रविवारी शाळांची आणि वाड्या-वस्त्यांची मिरवणूक, सोमवारी, १२ तारखेला, सात किलोमीटरहून लांब मार्गावरची मुख्य मिरवणूक, रोझनमोंटाग. मंगळवारी निप्पेस, एरेनफेल्ड अशा भागांच्या आपापल्या छोट्या मिरवणुका. बुधवारी सगळं संपतं.

बाबांचा पहिला पर्याय होता सोमवारची बैठकीची जागा. बसायला मिळतं, ढकलाढकली नाही, आणि दिसतं उत्तम. माझा याला ठाम विरोध होता. रांगेच्या मधोमध बसलेल्या मुलाला मध्येच उठून जाता येत नाही, आणि लक्ष्मी रस्त्यावर जे झालं त्याचं मूळ अडकून पडण्यात होतं.

दुसरा पर्याय शहर सोडून जायचा. कोलोनमधले कितीतरी लोक त्या आठवड्यात मुद्दाम बाहेरगावी जातात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आईच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब फ्रायबुर्गकडे राहतं, त्यांनी बोलावलंही होतं. पण जर्मनीच्या त्या नैर्ऋत्य भागातला फास्टनाख्ट, म्हणजे तिथला कार्निव्हल, वेगळा. तिथे लाकडी मुखवटे घातलेल्या चेटकिणी आणि सैतान रस्त्यावर येतात आणि बघ्यांची खोडी काढतात. कोलोनमध्ये बहुतेक लोक चेहरा रंगवतात, पूर्ण मुखवटा कमीच. चिऊसाठी फ्रायबुर्ग म्हणजे आगीतून फुफाट्यात झालं असतं.

टीव्हीवर सोमवारची मिरवणूक थेट दाखवतात, हा तिसरा पर्याय. तो आम्ही तयारीत वापरला. आणि चौथा, मंगळवारची निप्पेसची मिरवणूक: घराजवळ, लहान, किटामधली ओळखीची माणसं चालणार.

निर्णय असा झाला: सोमवारी बाबांनी सहकाऱ्याबरोबर एकट्याने जावं, मनसोक्त. चिऊसाठी रविवार आणि मंगळवार मोकळे ठेवावेत, आणि जायचंच असं तिला सांगू नये. बाबांची इच्छा आणि चिऊची तयारी यांची गाठ सोडवणं हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. स्वतःची मिरवणूक स्वतःला मिळणार हे ठरल्यावर बाबांच्या बोलण्यातला ताण लक्षात येण्याइतका उतरला.

तयारी : डबल बेल

किटाच्या कार्यक्रमासाठी आईला चिऊला नऊवारी नेसवायची होती. चिऊला विचारलं तर ती म्हणाली, "मी कंडक्टरकाका." पुण्यात आजोबा तिला पीएमपीच्या बसने कोथरूड डेपोपासून डेक्कनपर्यंत फिरवून आणायचे आणि तिकीट फाडणारे, घंटीची दोरी ओढणारे कंडक्टर हे तिचं दैवत होतं. आईचा थोडा हिरमोड झाला, पण तिने ऐकलं. आजोबांनी चामड्याची जुनी खांद्याची पिशवी शोधून काढली आणि कोलोनला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. खाकी शर्ट तिथेच मिळाला, थंडीचा कोट आत जाईल इतका मोठा.

या सोंगाने दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे कंडक्टर लोकांना काहीतरी देतो. चिऊने कागदाची तिकिटं कापली आणि समोर येईल त्याला ती द्यायची असं ठरवलं. घेण्याची धास्ती होती, तिथे देण्याचं काम आलं. दुसरी गोष्ट बाबांना सुचली. आपल्या बसमध्ये एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. चिऊला एक छोटी घंटी दिली: एक वाजवलीस की आपण थांबणार आणि मागे फिरणार, दोन वाजवल्यास की पुढे. गर्दीत घंटी ऐकू येणार नाही हे आईच्या लक्षात आलं, म्हणून बाबांचा हात एकदा ओढणं आणि दोनदा ओढणं अशी जोड दिली. घरात, जिन्यात, बाजारात याचा खेळ रोज चालला. अट एकच आणि ती मोठ्यांसाठी होती: एक घंटी वाजली की "आणखी दोनच मिनिटं" म्हणायचं नाही.

मुखवट्यांसाठी बाबांनी कागदाचं अस्वल चिऊसमोर रंगवलं, चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते चिऊने बाबांना स्वतः घातलं आणि "आता काढा" असा हुकूम सोडला. टीव्हीवर आधीच्या वर्षीच्या मिरवणुकीचे तुकडे, आवाज आधी अगदी बारीक आणि रिमोट तिच्या हातात.

कानांसाठी हेडफोनसारखे दिसणारे, आवाज अडवणारे मफ घेतले. त्यामागचं गणित पालकांना मी नेहमी सांगते. ८५ डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठ तासांपर्यंत सोसावा असं कामगार-आरोग्याचं प्रमाण आहे. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. मुलांसाठी हिशेब आणखी कडक धरायला हवा. ढोलपथकाच्या किंवा कर्ण्यांच्या गाडीच्या शेजारी १०० हा आकडा सहज ओलांडला जातो. मफ नीट बसले तर २० ते २५ डेसिबल खाली आणतात. मात्र शांत घरातही ते दिवसभर घालून ठेवू नयेत, नाहीतर साधे आवाजही टोचायला लागतात. कधी घालायचे हे चिऊ ठरवणार होती.

या सगळ्याचा पाया शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४मध्ये पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या छोट्या मुलाचं प्रकरण लिहिलं. त्याला आवडीचं खायला देता देता त्यांनी ससा दर वेळी थोडा जवळ आणला, पीटर सहन करेल तेवढाच. आजही लहान मुलांच्या भीतीवर काम करणारे आम्ही लोक मूळ त्याच वाटेने जातो.

ते सहा दिवस

गुरुवारी किटामध्ये चिऊने तिकिटं वाटली. सोंग काय आहे हे बाईंना कळलं नाही, मुलांना पाच मिनिटांत कळलं. खुर्च्यांची बस झाली. मोठ्याने गाणी लागली तेव्हा ती ओळखीच्या बाईंबरोबर शेजारच्या खोलीत गेली आणि नंतर परत आली. आईने आधी जाऊन बाईंना घंटीचा नियम सांगितला होता, त्यामुळे कोणी तिला थांबवलं नाही.

रविवारी तिघं निघाले. मुख्य रस्त्यावर न जाता ते एका आडगल्लीत उभे राहिले, जिथून टोकाला मिरवणूक दिसत होती आणि मागे रस्ता मोकळा होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणून अशी गल्ली पुढच्या रांगेपेक्षा कितीतरी बरी. दोनदा हात ओढून चिऊ थोडी पुढे गेली. मग पितळी वाद्यांचा ताफा आणि मोठा ढोल टोकाशी आला आणि तिने बाबांचा हात एकदाच ओढला.

बाबांनी मला नंतर सांगितलं की तो क्षण फार जड गेला. मुलगी रडत नव्हती. चार पावलांवर लाल-पांढऱ्या गणवेशातलं पथक येत होतं, दोनशे वर्षांची परंपरा सांगणारं, आणि मागच्या रांगेतून किटामधल्या एका बाबांनी हाक मारली होती. थोडं थांबलं असतं तर कदाचित तिने पाहिलंही असतं. ते वळले. तिघं चालत घराकडे आले, वाटेत गरम वाफल खाल्लं, आणि कोणीही "बघ, काही झालं का?" असं म्हटलं नाही. आजीला फोटो हवा होता. तो पाठवायचा नाही असं आईबाबांनी आधीच ठरवलं होतं, कारण कॅमेरा लागला की मुलाला ढकलायचा मोह होतो.

मंगळवारचं सगळं श्रेय मी त्या वळण्याला देते. एका घंटीवर मोठी माणसं खरंच थांबतात, हे चिऊने रविवारी पडताळून पाहिलं होतं.

सोमवारी बाबा मुख्य मिरवणुकीला गेले, घसा बसेपर्यंत "क्योले आलाफ" ही कोलोनच्या कार्निव्हलची आरोळी ठोकली आणि खिसे भरून कामेले घेऊन आले. चिऊने ती टेबलावर रंगांप्रमाणे लावली आणि विचारलं, "हे लागलं का तुम्हाला?" बाबांनी खरं सांगितलं, एक कपाळाला लागलं. मग तिने मंगळवारसाठी सायकलचं हेल्मेट मागितलं.

मंगळवारी निप्पेसमध्ये कंडक्टरच्या खाकीवर हेल्मेट आणि कानांना मफ अशी ती एका बेकरीच्या दारात, पायरीवर उभी राहिली. बेकरीवाल्यांनी गरज पडली तर आत या असं सांगितलं होतं. किटाचा गट जवळ आला, बाईंनी चेहऱ्यावरचं मांजराचं नाक वर करून चिऊला ओळख दाखवली, आणि चिऊने पुढे होऊन त्यांना तिकीट दिलं. त्यानंतर तिने बाबांचा हात दोनदा ओढला, परत दोनदा ओढला. एका फुलवाल्या पथकाकडून तिने लहानसा गुच्छ हातात घेतला. गोळ्या मात्र शेवटपर्यंत झेलल्या नाहीत. जमिनीवर पडलेल्या उचलून पिशवीत टाकल्या. कर्ण्यांची पहिली गाडी आली तेव्हा एक घंटी. घरी.

अनंत चतुर्दशी

सप्टेंबरमध्ये कुटुंब गणपतीसाठी पुण्यात आलं. १७ सप्टेंबर २०२४ला विसर्जन होतं. कोलोनची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि आजोबांनी तिचा अर्थ "भीती गेली" असा घेतला होता. लक्ष्मी रस्त्यावर एका नातेवाइकांचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर गॅलरी. तिथून मानाचे गणपती बघायचे असं ठरलं. टिळक पुतळ्यापासून सकाळी निघणारी कसब्याची पालखी, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, हा क्रम चिऊने आजोबांकडून पाठ केला होता. कंडक्टरची पिशवी खांद्याला होतीच.

लक्ष्मी रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती. आवाज भिंतींवर आपटून वर येतो, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर अंतराचा जो फायदा मिळायला हवा तो मिळत नाही. कसब्याची पालखी चिऊने मफ लावून, आईच्या मांडीवरून पाहिली. तिने हात जोडले आणि "कसबा, पहिला" असं सगळ्यांना सांगितलं. पुढच्या पथकाचे ढोल सुरू झाल्यावर तिने घंटी एकदा वाजवली आणि ती आतल्या खोलीत गेली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

मग घरातले एक काका आत आले. "अगं, बाप्पा आलेत, रुसून काय बसलीस?" असं म्हणत त्यांनी तिला उचललं आणि थेट गॅलरीच्या कठड्याशी नेलं. घंटीचा नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. चिऊ किंचाळली, अगदी २०२२सारखी. बाबा गर्दीतून तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत अर्धा मिनिट गेलं असेल. तिला घेऊन ते मागच्या जिन्याने उतरले आणि रिक्षा मिळेपर्यंत पेठेतल्या गल्ल्यांतून चालत राहिले. त्या संध्याकाळी ताशा न वाजवण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला.

जोन्स यांच्या पीटरच्या बाबतीतही असंच झालं होतं. तो बराच सुधारला, मग आजारपणात रुग्णालयात राहावं लागलं, तिथून निघताना एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवलं आणि सशाची भीती पुन्हा मूळपदावर आली. जोन्स यांना पुन्हा लांबून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या खेपेला तो सावरला.

काय झालं, काय राहिलं

चिऊने कोलोनला परतल्यावर पिशवी कपाटात टाकली आणि काही आठवडे घंटीला हात लावला नाही. टाळ्यांना कान झाकणं मात्र परत आलं नाही. ट्राममध्ये सोंगवाली माणसं दिसली तर ती आता आईला विचारते, "आत कोण आहे?" नोव्हेंबरमध्ये किटामध्ये कार्निव्हलची गाणी सुरू झाली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की मंगळवारी जायचं, सोमवारी नाही, आणि या वेळी सोंग ड्रायव्हरकाकांचं.

आईचा एकटेपणा कार्निव्हलने गेला नाही. बेकरीच्या पायरीवर शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांचा मुलगाही कर्ण्यांच्या गाडीला घाबरतो. आता दोघी मुलांना घेऊन शनिवारी भेटतात. ढोलाच्या अगदी जवळ जाणं चिऊला अजून जमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात उशिरा झाली. हंगाम नोव्हेंबरात उघडतो आणि तयारीला हात जानेवारीत लागला. कार्निव्हलच्या शहरात राहायला गेलेल्या कुटुंबाने ११ नोव्हेंबरची तारीख आधी कळून घेतली आणि त्या दिवशी ट्राम टाळली, तर अर्धी भीती जन्मालाच येणार नाही.

पुण्याचा दिवस कोलोनपेक्षा अवघड आहे हे गृहीत धरायला हवं होतं. कोलोनमध्ये तिघांचंच ऐकायचं होतं, इथे गॅलरीत पंधरा माणसं होती आणि प्रत्येकाचं लेकरावर प्रेम होतं. घंटीचा नियम आदल्या दिवशीच घरातल्या सगळ्यांना, काकांनाही, सांगणं आणि आतल्या खोलीच्या दाराशी एका मोठ्याने बसणं एवढ्याने पुढचं टळलं असतं. जागाही वेगळी निवडता आली असती. घरच्या गणपतीचं विसर्जन सोसायटीजवळच्या हौदात होतं, झांजा आणि आरती एवढाच आवाज. त्या वर्षी तेवढंच पुरे होतं. त्याहून शांत मिरवणूक हवी असेल तर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. भवानी पेठेत आणि नाना पेठेत दर्शनाला गर्दी असते, पण टाळ-मृदंगाचा आवाज ढोलासारखा छातीवर येत नाही आणि वाटेत कुठेही मागे फिरता येतं.

बाबांच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली आणि ती आता सुरू आहे. लेकीला ढोल आवडावा ही त्यांची इच्छा खरी आहे, तिला जागा हवी. मोठ्या मिरवणुकीऐवजी एकच ताशा, रिकाम्या मैदानात, काडी चिऊच्या हातात, असं त्यांनी सुचवलं आणि मला ते फार पटलं. पुढच्या भेटीत नदीपात्रात सराव नसलेल्या सकाळी ते तिला घेऊन जाणार आहेत. घंटी बरोबर असेल आणि आजोबाही, या वेळी नियम समजून घेऊन.